उसाने भरलेली ट्रॉली उतारावरून सुरक्षितपणे कशी न्यावी?

यंदा प्रथमच स्वतःच्या ट्रॅक्टरने कारखान्याला ऊस घालणार आहात आणि वाटेत मोठा उतार लागतो, तेव्हा कोणती काळजी घ्यावी, असे तुम्ही विचारले आहे. आमच्या घरच्या ट्रॅक्टरवर मी सातारा जिल्ह्यात बारा गळीत हंगाम ऊस वाहिला आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

५० अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर स्वतः साधारण २ टनांचा असतो. मागे ८ टन ऊस असेल आणि ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील, तर तो सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनाच थोपवावा लागतो. चढावर ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढतो, उतारावर मात्र ट्रॉली ट्रॅक्टरला रेटते. म्हणून जो गिअर टाकून तोच रस्ता भरल्या ट्रॉलीनिशी चढला असता, तो गिअर उतार लागण्यापूर्वी सपाटीवरच टाकावा आणि खाली पोहोचेपर्यंत बदलू नये. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करून किंवा क्लच दाबून उतरणे हा मी जिवाशी खेळ मानतो, कारण इंजिनाचा अटकाव सुटतो आणि एकदा वेग वाढला की पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअर पुन्हा पडत नाही. वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागते, हेही लक्षात असू द्या.

ब्रेकची दोन पेडल शेतात जागेवर वळता यावे म्हणून वेगळी असतात. रस्त्यावर येण्याआधी ती खटक्याने जोडलीच पाहिजेत. एका हंगामात मी हे विसरलो. कालव्याजवळच्या उतारावर पाय एकाच पेडलवर पडला, ट्रॅक्टर उजवीकडे ओढला गेला आणि मागून ट्रॉलीचा रेटा येऊन जोडणी दुमडू लागली. दुसऱ्या गिअरमध्ये, अगदी सावकाश उतरत होतो, म्हणून मोरीच्या कठड्यापाशी थांबता आले. त्या दिवसापासून खटका हाताने चाचपल्याशिवाय मी शेताबाहेर पडलेलो नाही.

जोडणीची पिन रोज बाहेर काढून पाहावी. मधोमध झिजून खाच पडली असेल, तर ती त्याच दिवशी बदलावी. तिच्या जागी साधा बोल्ट घालू नये. ट्रॉली नेहमी खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे खाली असलेल्या ओढण्याच्या दांड्यालाच जोडावी. मागच्या आसापेक्षा उंचावर ओढ बसली, तर चढावर पुढची चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. स्टिअरिंग एकाएकी हलके लागू लागले, तर तीच त्याची पहिली खूण समजावी. एका आसाच्या ट्रॉलीत मोळ्या मागच्या बाजूला जास्त भरल्या की ट्रॉलीचे तोंड उचलले जाते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते, त्यामुळे भार आसाच्या किंचित पुढे राहील असे भरावे.

ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक आणि चालू दिवा हवाच. चढावर थांबताना चाकाला लावलेला दगड निघताना आठवणीने रस्त्याकडेला टाकावा, कारण अंधारात मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला तो दिसत नाही.