राजकारणामुळे राष्ट्रीय क्रिकेट संघाचा परदेश दौरा थांबवावा का?

तुम्ही हा प्रश्न विचारून खाली लिहिलंय, "हो किंवा नाही एवढंच सांगा." पुणेकराकडून एका शब्दाची अपेक्षा म्हणजे कमालच आहे. तरी सांगतो: हो, कधीकधी थांबवावा. फक्त फुकटात होणाऱ्या बहिष्कारावर माझा विश्वास नाही. तो का नाही, हे सांगायला १९९६ पर्यंत मागे जावं लागेल.

२९ फेब्रुवारी १९९६. विश्वचषक चालू होता आणि आम्ही कॉलेजला दांडी मारून सारसबागेसमोरच्या नेहरू स्टेडियमवर वेस्ट इंडीज विरुद्ध केनिया बघायला गेलो होतो. गेलो होतो अर्थातच विंडीजच्या ब्रायन लारासाठी. केनियाचा डाव १६६ वर आटोपला तेव्हा आमच्यातल्या एकाने घड्याळ बघून 'चारपर्यंत घरी' असं जाहीर केलं. केनियाचा यष्टिरक्षक तारिक इक्बाल अंगाने चांगला भरलेला. त्याच्या हातून चेंडू निसटले की आमचा अख्खा स्टँड हसायचा. लारा ८ वर असताना रजब अलीच्या चेंडूला बॅटची कड लागली आणि ती नेमकी याच इक्बालकडे गेली. चेंडू हातात, मांडीत, पोटाशी कुठेतरी अडकला आणि राहिला. आमच्या हसण्याचा आवाज अर्ध्यावर तुटला. वेस्ट इंडीज सर्वबाद ९३. केनियाची पोरं मैदानाला फेरी मारत होती आणि मघाशी त्यांना हसणारे आम्ही सिमेंटच्या पायऱ्यांवर उभे राहून टाळ्या वाजवत होतो.

आता याचा तुमच्या प्रश्नाशी संबंध. जानेवारीत कोलंबोच्या सेंट्रल बँकेवर बॉम्बहल्ला झाला होता. त्यामुळे ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीज यांनी श्रीलंकेत जाऊन खेळायला नकार दिला, आणि दोन्ही सामन्यांचे गुण श्रीलंकेला बहाल झाले. कोलंबोत सोडून दिलेले गुण पुण्यात केनियाकडून सहज मिळतील, असा विंडीजचा हिशोब असावा. पुढे जयपूरला ऑस्ट्रेलियाला हरवलं म्हणून ते कसेबसे तरले. श्रीलंकेने मात्र लाहोरच्या अंतिम सामन्यात त्याच ऑस्ट्रेलियाला हरवून कप नेला. भीती खरी होती, मी त्यांना भित्रे म्हणणार नाही. त्यांनी नाही म्हटलं आणि किंमतही मोजली, हा हिशोब मला पटतो.

त्याच फेब्रुवारीत आणखी एक गोष्ट घडली होती, जी आजच्या पोरांना सांगितली तर थाप वाटते. श्रीलंकेला धीर द्यायला भारत आणि पाकिस्तान यांचा मिळून एक संघ कोलंबोत जाऊन सामना खेळला. अझरुद्दीन कप्तान. धावफलकात एक ओळ होती: कालुवितरणा झे. तेंडुलकर गो. अक्रम. म्हणजे पाकिस्तानच्या अक्रमच्या चेंडूवर आपल्या तेंडुलकरने झेल घेतला. पुन्हा वाचा.

बहिष्काराला माझा विरोध नाही हे मघाशी म्हटलं, त्यामागे एक टेनिसचं उदाहरण आहे. १९७४ साली भारत डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत पोचला होता. विजय आणि आनंद हे अमृतराज बंधू भरात होते. समोर दक्षिण आफ्रिका होती आणि तिथे वर्णभेद. आपण खेळलो नाही, कप त्यांना पुढे चालीने देऊन टाकला. डेव्हिस कप भारताला आजवर मिळालेला नाही. असा बहिष्कार मी मानतो: मागणी स्पष्ट आणि नुकसान आपलं स्वतःचं. क्रिकेटनेही १९७० पासून दक्षिण आफ्रिकेला बाहेर ठेवलं. वर्णभेदाचे कायदे मोडीत निघायला लागल्यावर नोव्हेंबर १९९१ मध्ये ते परत आले, तो पहिला सामना कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर झाला. दार बंद करताना ते कधी उघडणार हेही ठरलेलं होतं. आणखी मागे जायचं तर १९३२ साली विजय मर्चंट आणि एल. पी. जय यांनी इंग्लंडचा दौरा सोडला, कारण गांधीजी तुरुंगात होते. भारताची पहिलीवहिली कसोटी होती ती. किती खेळाडू आज पहिली कसोटी सोडतील?

आता आपलं हल्लीचं. पाकिस्तानबरोबर शेवटची कसोटी मालिका २००७ मध्ये, शेवटची द्विपक्षीय मालिका २०१२-१३ च्या हिवाळ्यात. २६/११ नंतर आपण दौरा रद्द केला, आपल्या जागी श्रीलंका गेली आणि मार्च २००९ मध्ये लाहोरला त्यांच्या बसवर गोळीबार झाला. तिथे न जाण्याचं कारण म्हणून हे पुरेसं आहे, यावर मी वाद घालणार नाही. पण २०२५ ची चॅम्पियन्स ट्रॉफी बघा. यजमान पाकिस्तान, आणि आपले सगळे सामने दुबईत. दक्षिण आफ्रिकेला उपांत्य सामना कुठे ते नक्की नाही म्हणून दुबईला नेलं आणि दुसऱ्या दिवशी परत लाहोरला आणलं. आपण मात्र एकाच हॉटेलात, एकाच मैदानावर. अंतिम सामनासुद्धा तिथेच झाला आणि कप आपण जिंकला. संघ उत्तम होता, पण निषेध करून वर सोय पदरात पडली, हे काही माझ्या डोक्यात नीट बसत नाही.

मग पहलगाम. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या दहशतवादी हल्ल्यात २६ माणसं मारली गेली, त्यातले दोघे आपल्या पुण्याचे. त्या आठवड्यात शहरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. ऑगस्टमध्ये सरकारने धोरण सांगितलं: पाकिस्तानशी द्विपक्षीय मालिका नाही, तिकडेही नाही, इकडेही नाही, तिसऱ्या देशातही नाही; अनेक देशांच्या स्पर्धेत मात्र खेळू. सप्टेंबरमध्ये आशिया चषकात लागोपाठ तीन रविवार त्याच पाकिस्तानशी सामने, हस्तांदोलन नाही, शेवटी ट्रॉफीही घेतली नाही. मला विचाराल तर हात न मिळवता खेळण्यापेक्षा न खेळणं जास्त सरळ होतं. आणि खेळायचंच होतं तर हात मिळवून. मधल्या मार्गाला कारण जाहिरातींचं आहे, हे कट्ट्यावरचं शेंबडं पोरगंही सांगेल.

भीतीपोटी दौरा थांबवणं आणि रागापोटी थांबवणं यांत आपण गल्लत करतो. १३ फेब्रुवारी २०१० च्या संध्याकाळी कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला, १७ जण गेले. मी तेव्हा बंडगार्डन पुलाजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, अँब्युलन्सना वाट देत. दक्षिण आफ्रिकेचा संघ भारतात होता आणि दुसऱ्याच दिवशी कोलकात्यात कसोटी सुरू व्हायची होती. बॅगा भरून निघून गेले असते तर कोणी नाव ठेवलं नसतं. थांबले. २४ तारखेला ग्वाल्हेरला त्यांच्याच गोलंदाजीवर सचिनने नाबाद २०० केल्या. स्फोटाला अकरा दिवस झाले होते आणि त्या दिवशी पुण्यात पहिल्यांदा लोक हसताना दिसले. निदान मला तरी.

एक मात्र नको: निर्णय खेळाडूंच्या गळ्यात मारणं. २००३ च्या विश्वचषकात इंग्लंडने झिंबाब्वेत हरारेला जावं की नाही यावर त्यांचं सरकार आणि मंडळ एकमेकांकडे बोट दाखवत बसले आणि कप्तान नासिर हुसेन केप टाऊनच्या हॉटेलात बैठकांवर बैठका घेत राहिला. शेवटी गेले नाहीत, गुण गेले, पहिल्याच फेरीत बाहेर. त्याच हरारेत झिंबाब्वेचेच अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा दंडाला काळी पट्टी बांधून खेळले, देशातली लोकशाही मेली म्हणून. ओलोंगाला देश सोडावा लागला. न खेळून निषेध होतो तसा खेळूनही होतो, पण त्याला तेवढा जिगर लागतो.

आमच्या शेजारचे काका आशिया चषकावर कडकडीत बहिष्कार टाकून होते. तिन्ही रविवारी त्यांच्या खिडक्या बंद. अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणताना जिन्यात भेटले.

"जिंकलो म्हणे," काका म्हणाले.

"हो, पाच विकेटनी."

"तिलकच्या नक्की किती झाल्या शेवटी, एकोणसत्तर ना?"

मी हो म्हटलं. न बघितलेल्या मॅचमधल्या धावा त्यांना कशा पाठ, ते विचारलं नाही.