दोन तपासण्यांच्या मधले दिवस

प्रिय ताई,

अंडाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि सहा केमो पूर्ण होऊन तुम्हाला चौदा महिने झाले. डॉक्टरांनी सीए-१२५ ही, या कर्करोगात बहुधा वाढणारे एक प्रथिन मोजणारी रक्ततपासणी दर तीन महिन्यांनी करायला सांगितलेली असताना, गेल्या दोन महिन्यांत ती तुम्ही यजमानांच्या नकळत, तीन निरनिराळ्या लॅबमध्ये, चार वेळा करून घेतलीत. आकडे ११, १७, १४ आणि २६ असे आले, आणि आता तुम्ही विचारता की आजार परत येत असेल तर आपण हातचे दिवस वाया घालवतो आहोत का.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या २६चा अर्थ मी सांगणार नाही. तो तुमच्या कर्करोगतज्ज्ञांनीच सांगायचा आहे. मात्र या तपासणीत ३५पर्यंतचा आकडा सर्वसाधारण धरतात, प्रत्येक लॅबची पद्धत सारखी नसल्याने एकीचा आकडा दुसरीशी पडताळता येत नाही, आणि यकृताच्या विकारापासून पोटाच्या क्षयापर्यंत अनेक कारणांनी तो वाढू शकतो. तरीही सलग चढत जाणारा आकडा, मर्यादेच्या आत असला तरी, डॉक्टरांना कळलाच पाहिजे. म्हणून चारही रिपोर्ट तारखांसह त्यांच्यापुढे ठेवा. रागावतील ही भीती मनातून काढा. लपवलेल्या रिपोर्टचा त्यांना काहीच उपयोग नाही.

वाया जाणाऱ्या दिवसांची तुमची भीती मला सर्वांत खरी वाटली, म्हणून तिच्यावर थोडे अधिक लिहिते. उपचारांनंतर बऱ्या झालेल्या ५२९ स्त्रियांचा या आकड्याच्या संदर्भात केलेला एक अभ्यास २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आकडा वाढताच केमो सुरू केलेल्या स्त्रिया, लक्षणे दिसेपर्यंत थांबलेल्या स्त्रियांपेक्षा अधिक जगल्या, असे त्यात आढळले नाही. उलट लवकर केमो घेणाऱ्यांचे रोजचे जगणे लवकर खालावले. त्यानंतर नवी औषधे आली, आणि आजार उलटल्यावर काही निवडक स्त्रियांना दुसऱ्या शस्त्रक्रियेचा लाभ होतो असेही दिसून आले, म्हणून हा अभ्यास शेवटचा शब्द नव्हे. पण आकडा थोडा वाढला असताना डॉक्टरांनी ‘थांबून पाहू’ म्हटले, तर ती हयगय असतेच असे नाही, एवढे तरी त्यातून कळते. आपला आकडा किती झाला की स्कॅन करायचा, हे मात्र त्यांना आधीच विचारून वहीत लिहून ठेवा. पोट फुगणे, भूक मंदावणे किंवा पोटदुखी टिकून राहिली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

आता यजमानांविषयी. त्यांना त्रास नको म्हणून तुम्ही हे लपवता, असे लिहिले आहे. केमोच्या प्रत्येक फेरीला जो माणूस खुर्ची ओढून उशाशी बसला, त्याला तुमचे घाबरणे दिसत नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. त्याला दिसते, पण कारण ठाऊक नसल्याने तोही आपल्या परीने एकटाच झुरत असेल. आज रात्री जेवणे आटोपली की त्यांच्याजवळ बसा आणि चारही कागद त्यांच्या हातात द्या. यापुढे तपासणी एकाच लॅबमध्ये, ठरलेल्या तारखेला होऊ द्या, आणि रिपोर्टचा निरोप तुमच्या फोनऐवजी त्यांच्या फोनवर येऊ द्या. डॉक्टरांच्या खोलीत तो दोघांनी मिळून वाचा. मधल्या आठवड्यांत पुन्हा लॅबकडे पाय वळलेच, तर रक्त देण्याआधी त्यांना फोन करून तेवढेच सांगा.

तुमची,
मावशी