मिलिंग मशीनसाठी होल्डर निवडताना

प्रश्न : जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आमचे प्लास्टिकच्या साच्यांच्या दुरुस्तीचे लहान वर्कशॉप आहे. नुकतेच जुने, हाताने चालवायचे उभे मिलिंग मशीन घेतले. त्याच्यासोबत एकही होल्डर (कटर धरून मशीनमध्ये बसणारा भाग) मिळाला नाही. स्पिंडलचा (मशीनच्या फिरत्या दांड्याचा) टेपर, म्हणजे होल्डर बसतो तो निमुळता भाग, ३० नंबरचा आहे. दुकानदार एनटी ३० आणि बीटी ३० असे दोन्ही होल्डर दाखवतात आणि सध्या ड्रिल चकमध्येच (ड्रिल धरायच्या जबड्यांच्या पकडीत) एंड मिल, म्हणजे दांड्यासारखा मिलिंग कटर, धरून काम भागवा, असेही सुचवतात. नेमके काय घ्यावे आणि कोठून?

उत्तर : ड्रिल चकचा सल्ला आधी बाजूला ठेवावा. चक उभ्या दाबासाठी बनवलेला असतो. मिलिंगमध्ये कटरला बाजूने धक्के बसतात, त्यामुळे चक आणि त्याचा आर्बर (चक मशीनला जोडणारा दांडा) यांमधला टेपर सुटतो व कटरसह चक खाली येऊ शकतो.

एनटी आणि बीटी या दोन्हींचा टेपर एकच, म्हणजे २४ मिलिमीटर लांबीला व्यासात ७ मिलिमीटर फरक पडणारा असून, ३० नंबरला मोठ्या तोंडाचा व्यास ३१.७५ मिलिमीटर असतो. फरक आहे तो कॉलरमध्ये आणि मागच्या टोकाला. बीटीची खाचेची कॉलर आपोआप टूल बदलणाऱ्या मशीनसाठी असते, तर एनटीच्या टेपरमागे सरळ दंडगोल भाग असतो, आणि जुन्या मशीनचा ड्रॉबार (होल्डरला मागून आट्यांनी वर ओढून धरणारा दांडा) बहुधा त्याच लांबीच्या हिशेबाने केलेला असतो. म्हणून बीटी होल्डर टेपरमध्ये नीट बसूनही ड्रॉबार त्याच्या आट्यांपर्यंत पुरेसा पोहोचत नाही, असे होऊ शकते. आपण एनटीच घ्यावा. मात्र त्याआधी ड्रॉबारचे आटे गेजने तपासावेत, कारण ३० नंबरला एम १२ आणि अर्धा इंच असे दोन्ही प्रकार आढळतात, आणि जवळपासच्या मापाचा बार जबरदस्तीने फिरवल्यास होल्डरचे आटे कायमचे जातात.

होल्डर एकच घ्यायचा असेल तर ईआर ३२ मापाचा कॉलेट चक घ्यावा; कॉलेट म्हणजे नट आवळला की कटरला घट्ट धरणारी, चिरा असलेली बाही. त्यात २० मिलिमीटरपर्यंतची शँक (कटरचा धरायचा दांडा) बसते, लहान मशीनला त्याहून मोठी क्वचितच लागते. त्याहून मोठ्या ईआर ४० चा नट ६३ मिलिमीटर व्यासाचा, ३२ चा ५०. साच्याच्या खोलगट भागात हे तेरा मिलिमीटर फार अडतात. कॉलेटचा पूर्ण संच घेण्याचा मोह टाळून आपल्याकडील शँकच्या मापाचेच, म्हणजे ६, ८, १०, १२ आणि १६ चे, चांगल्या कंपनीचे कॉलेट घ्यावेत. कॉलेट एक मिलिमीटरपर्यंत आवळतो हे खरे, पण एंड मिलसाठी नेमक्या मापाचाच वापरावा. कॉलेट आधी नटमधल्या कडीत टक असा बसवून मगच नट चकवर चढवावा. तो चकमध्ये नुसता टाकून वरून नट आवळणाऱ्यांचे कटर वाकडे फिरतात आणि दोष मात्र कॉलेटला दिला जातो.

खरेदीसाठी जळगावात मनाजोगते मिळाले नाही, तर नाशिकच्या सातपूर-अंबड भागात किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर चौकशी करावी. दोन्ही ठिकाणी रेल्वेने सरळ जाता येते. जुन्या बाजारातला होल्डर असल्यास टेपरवरून नख फिरवावे, आणि ठेच लागलेली कड जाणवली तर तो घेऊ नये. नवा असला तरी स्पिंडलवर बसवून, कॉलेटमध्ये ग्राइंड केलेली पिन धरून तोंडाशी डायल गेज (सूक्ष्म फरक दाखवणारे मापक) लावावा व स्पिंडल हाताने फिरवावा. फरक दोन शतांश मिलिमीटरहून अधिक दिसल्यास माल परत घेण्याची अट बिलावर आधीच लिहून घ्यावी.