नावापुढचा आकडा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. व्हिडिओ गेम करणाऱ्या एका मोठ्या स्टुडिओने आपल्या गाजलेल्या गेम-मालिकेच्या पुढच्या भागासाठी लेव्हल डिझायनर, म्हणजे गेममधले टप्पे रचणारा, म्हणून तुला बोलावले आहे, आणि त्याच वेळी, ज्यावर तू दोन वर्षे रात्री जागवल्यास तो अंधारात केवळ प्रतिध्वनीवरून वाट शोधण्याचा तुझा स्वतःचा गेम अर्धवट राहिला आहे. नोकरी धरली तर जन्मभर तेच ते दळण दळत बसावे लागेल, ही धास्ती तुझ्या ओळीओळीत जाणवते. मौलिक, म्हणजे स्वतःचे नवे काम करणारे एकीकडे, पुढचे भाग काढणारे दुसरीकडे, आणि आपल्याला आत्ताच बाजू निवडायची आहे, असे तू लिहिले आहेस. ही विभागणीच मला मान्य नाही. ती का मान्य नाही, हे सविस्तर लिहिते.

नावापुढे आकडा आहे की नाही, यावरून गेमच्या आत काही नवे आहे की नाही हे कळत नाही. १९८७ साली आलेला पहिला 'स्ट्रीट फायटर' आज फार थोड्यांना आठवतो. समोरासमोर लढण्याच्या गेमची घडी ज्याने बसवली, तो १९९१ मधला 'स्ट्रीट फायटर २' होता. २००५ साली 'रेसिडेंट ईव्हिल ४'ने कॅमेरा नायकाच्या खांद्यामागे आणून ठेवला आणि त्यानंतरच्या कितीतरी गेमनी तीच मांडणी उचलली. नावापुढे चारचा आकडा असूनही त्याचा प्रभाव त्या काळातल्या अनेक नव्या नावांपेक्षा मोठा ठरला.

मला सर्वांत जास्त शिकवले ते मात्र 'मजोराज मास्क'ने. १९९८ मध्ये निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या 'झेल्डा' मालिकेतला 'ऑकरिना ऑफ टाइम' आला आणि त्याची प्रचंड वाहवा झाली. त्याच गेममधल्या भुयारांची फेरमांडणी करून एक वेगळी आवृत्ती काढावी, असा विचार कंपनीत होता. एइजी आओनुमा यांना आपणच रचलेली भुयारे पुन्हा रचण्यात रस नव्हता. तेव्हा मालिकेचे एक जनक शिगेरु मियामोतो यांनी त्यांच्यापुढे अट ठेवली की एका वर्षात नवा झेल्डा करून दाखवता येत असेल तर तो करा. एवढ्या अवधीत नवे इंजिन, म्हणजे गेम चालवणारी मूळ प्रणाली, शक्य नव्हते आणि शेकडो नवी पात्रे घडवणेही शक्य नव्हते. म्हणून जुनेच इंजिन आणि जुन्याच पात्रांची मॉडेल घेतली गेली, आणि जग लहान करून त्याला तीन दिवसांचे आयुष्य दिले गेले. चंद्र शहरावर कोसळणार आहे, खेळाडू काळ मागे फिरवून तेच तीन दिवस पुन्हापुन्हा जगतो, आणि गावातला प्रत्येक माणूस आपापल्या वेळापत्रकाप्रमाणे आपल्या शेवटाकडे चालत राहतो. आधीच्या गेममधले ओळखीचे चेहरे इथे वेगळीच माणसे म्हणून भेटतात, त्यामुळे एखाद्या अस्वस्थ स्वप्नात आल्यासारखे वाटते. काटकसरीतून आलेली गोष्टच इथे अर्थाचा भाग झाली. २००० साली आलेला हा गेम मी आजही विद्यार्थ्यांना खेळायला लावते, कारण उसने साहित्य वापरूनही अगदी स्वतःचे असे काही कसे म्हणता येते, हे त्यात लख्ख दिसते.

काही वेळा तर पुढचा भाग करायला बसलेल्या माणसांच्या हातून वेगळाच गेम जन्माला आला आहे. 'असॅसिन्स क्रीड'ची सुरुवात 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा पुढचा भाग म्हणून झाली होती. राजपुत्राऐवजी त्याचे रक्षण करणारा मारेकरी केंद्रस्थानी आला, आणि २००७ साली तो गेम स्वतंत्र नावाने बाहेर पडला. 'डेव्हिल मे क्राय' हा आधी 'रेसिडेंट ईव्हिल'चा चौथा भाग व्हायचा होता. तो मूळ मालिकेपासून इतका दूर गेला की त्याला वेगळे नाव देणेच योग्य ठरले. उलट दिशेचा प्रवासही झाला आहे. रेअर या स्टुडिओचा 'डायनॉसॉर प्लॅनेट' हा स्वतंत्र गेम घडत असतानाच त्यावर जुन्या मालिकेचे नाव चढवले गेले, आणि २००२ मध्ये तो 'स्टार फॉक्स अॅडव्हेंचर्स' म्हणून विकला गेला. त्या गेमला स्वतःच्या नावाने जगता आले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. वरच्या दोन ठिकाणी गेम काय होऊ पाहतो आहे हे ओळखून नाव बदलले गेले. इथे नाव बाजारात चालते म्हणून गेमला ते घ्यावे लागले.

तू ज्या व्यवस्थेला भितोस ती खोटी नाही, हेही मान्य करते. तिचे मूळ मात्र तारखेत आहे. दर वर्षी सणासुदीच्या मोसमात त्या नावाचा गेम दुकानात असलाच पाहिजे, हे आधी ठरते, आणि त्यात काय असावे याचा विचार नंतर सुरू होतो. 'असॅसिन्स क्रीड'चेच पुढे तसे झाले. २००९ पासून दर वर्षी मुख्य गेम येत राहिला. २०१४ मधला 'युनिटी' इतक्या दोषांसह बाहेर आला की प्रकाशकाला जाहीर क्षमा मागावी लागली आणि त्याची जोडकथा मोफत द्यावी लागली. २०१६ मध्ये त्यांनी एक वर्ष विश्रांती घेतली, आणि २०१७ चा 'ओरिजिन्स' त्या मोकळ्या श्वासाने बराच बदललेला होता. 'गिटार हीरो'ला अशी विश्रांती मिळाली नाही. २००५ मध्ये प्लॅस्टिकच्या गिटारीने घराघरांतल्या माणसांना गाण्याच्या आत नेणारी ती कल्पना खरोखर आनंददायी होती. पण २००९ या एकाच वर्षात त्या कुळातले इतके गेम बाजारात ओतले गेले की लोकांचे कुतूहलच आटले, आणि २०११ मध्ये प्रकाशकाने ती शाखा बंद केली. कल्पना संपली नव्हती, तिच्याबद्दल नवा प्रश्न पडायला कुणाला उसंतच मिळाली नव्हती.

प्रकाशक असे का वागतात, हे समजून घेतल्याशिवाय त्यांच्यावर रागावू नकोस. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात सादर झालेल्या कागदपत्रांतून 'द लास्ट ऑफ अस पार्ट २'चा खर्च सुमारे २२ कोटी डॉलर, तर 'होरायझन फॉरबिडन वेस्ट'चा सुमारे २१ कोटी डॉलर असल्याचे उघड झाले. काही वर्षे काही शेकडो माणसांचे पगार ज्या एका गेमच्या पेटीवर अवलंबून असतात, तिच्यावर लोकांच्या ओळखीचे नाव असावे असे वाटणारा माणूस लोभी असतोच असे नाही. बऱ्याचदा तो घाबरलेला असतो. घाबरलेल्या माणसासमोर मौलिकतेचा जयघोष करून काही साधत नाही. त्याला खेळता येईल असा नमुना दाखवावा लागतो.

'पोर्टल'चा इतिहास याच दृष्टीने पाहा. २००५ मध्ये काही विद्यार्थ्यांनी आपल्या शिक्षणाचा भाग म्हणून 'नारबॅक्युलर ड्रॉप' नावाचा लहानसा गेम केला होता, ज्यात भिंतीवर दोन दारे उमटवून एकातून शिरायचे आणि दुसऱ्यातून निघायचे. तो खेळून पाहिल्यावर 'हाफ-लाइफ' मालिका करणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने त्या विद्यार्थ्यांना नोकरी दिली. 'हाफ-लाइफ २'चे इंजिन आणि त्यातले कितीतरी साहित्य त्यांच्या हाती आले, आणि त्याच दारांच्या कल्पनेवर छोट्याशा चमूने केलेला 'पोर्टल' २००७ मध्ये 'द ऑरेंज बॉक्स' या संचातून विकला गेला. त्या संचात आणखी काय होते? 'हाफ-लाइफ २' व त्याचे दोन पुरवणी भाग, आणि 'टीम फोर्ट्रेस २'. म्हणजे गेल्या वीस वर्षांतला एक अत्यंत नवा विचार पुढच्या भागांच्या खांद्यावर बसून लोकांपर्यंत पोहोचला. खेळाडूंनी ओळखीच्या नावासाठी पैसे मोजले आणि घरी जाऊन अनोळखी दारातून आत शिरले.

आता तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या दुःखाकडे येते. प्रतिध्वनीवर आधारलेला गेम आधीही कुणी केला आहे, हे कळल्यावर तू महिनाभर काम थांबवलेस. हे वाचून मला तुझ्या निराशेपेक्षा तुझ्या समजुतीची अधिक काळजी वाटली. कशाचाच आधार नसलेली कल्पना मौलिक, अशी व्याख्या तू मनात धरली आहेस आणि तिच्यापुढे कोणताच गेम टिकणार नाही. एरिक बॅरोन यांनी चारेक वर्षे एकट्याने काम करून २०१६ मध्ये 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम आणला. तो १९९६ पासून चालत आलेल्या 'हार्वेस्ट मून' मालिकेच्या प्रेमातून, आणि त्या मालिकेच्या नंतरच्या भागांत काहीतरी हरवले या भावनेतून घडला होता. ज्या मालिकेवर त्यांचे प्रेम होते तिच्याबद्दलची त्यांची नेमकी तक्रार, हेच त्यांचे भांडवल होते. तुझी तक्रार कोणती? आधीच्या प्रतिध्वनीच्या गेममध्ये आवाज केला की नकाशा दिसतो, एवढेच आहे. तुझ्या पहिल्या नमुन्यात मात्र आवाज केल्याने आपण कुठे आहोत हे दुसऱ्यालाही कळत होते, आणि गप्प राहावे की वाट शोधावी, ही घालमेल मला खेळताना पोटात जाणवली होती. ती तुझी आहे. तिच्यावर काम करायचे सोडून 'आधी कोणी केले' याची यादी कशाला काढत बसलास?

नव्या नावाचीही भूल पडू देऊ नकोस. १९९३ मध्ये 'डूम' हा गोळीबाराचा गेम आल्यावर त्याची नक्कल करणारे इतके गेम निघाले की काही वर्षे त्या साऱ्या प्रकारालाच लोक 'डूमच्या नकला' म्हणत. त्यांपैकी बहुतेकांवर नवे नाव होते. आजही एखादा लहान गेम अनपेक्षितपणे गाजला की काही महिन्यांत त्याची डझनभर भावंडे दिसू लागतात, आणि त्यांतली बरीचशी स्वतःला स्वतंत्र म्हणवणाऱ्या लहान स्टुडिओंमधूनच येतात. आकडा न लावता काढलेले ते पुढचे भागच होत.

म्हणून नोकरीबद्दल माझे मत असे आहे की ती घे, पण डोळे उघडे ठेवून घे. गेम-दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी स्टुडिओमध्ये सुरुवात केली ती 'आर्मर्ड कोर' या आधीपासून चालत आलेल्या मालिकेवर काम करून, आणि पहिल्यांदा दिग्दर्शन केले तेही तिच्याच २००६ मधल्या चौथ्या क्रमांकाच्या गेमचे. तिथे हात बसल्यावर कंपनीत फसत चाललेला म्हणून दुर्लक्षिला गेलेला एक प्रकल्प त्यांनी मागून घेतला. तो २००९ मधला 'डेमन्स सोल्स'. मोठ्या घरातली जिच्याकडे कुणाचे लक्ष नाही अशी खोली शोधायला त्या घरात आधी राहावे लागते.

मुलाखतीच्या वेळी तूही त्यांना प्रश्न विचार. प्रकाशनाची तारीख आधी ठरली की गेमचा गाभा? मागच्या भागातले काय काढून टाकले आहे? हा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण काय वाढवले याची यादी कुणीही देते. २०१८ च्या 'गॉड ऑफ वॉर'ने उडी मारण्याचे बटणच काढून टाकले आणि दूरवरून पाहणारा कॅमेरा नायकाच्या पाठीशी आणला, तेव्हा त्या चमूला नव्याने विचार करायचा आहे हे त्यातून दिसत होते. तिसरा प्रश्न नमुन्यांबद्दल विचार. २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'च्या वेळी निन्टेन्डोच्या लोकांनी आग, वारा आणि लाकूड एकमेकांशी कसे वागतील हे तपासायला १९८६ च्या पहिल्या झेल्डासारखा दिसणारा सपाट, द्विमितीय नमुना केला होता. एवढ्या मोठ्या गेमचा प्राण त्यांनी इतक्या स्वस्तात तपासून घेतला. तुझ्या होऊ घातलेल्या चमूत असे नमुने करायला वेळ दिला जातो का, हे उत्तराच्या शब्दांपेक्षा उत्तर देण्याआधीच्या शांततेवरून कळेल.

करारावर सही करण्यापूर्वी बौद्धिक संपदेचे कलम एखाद्या वकिलाकडून वाचून घे. कामाच्या वेळेबाहेर, स्वतःच्या संगणकावर केलेल्या गोष्टींवरही हक्क सांगणारी कलमे या उद्योगात आढळतात. तुझा प्रतिध्वनीचा गेम आधीपासून तुझा आहे, हे लेखी मान्य करून घे आणि तोंडी आश्वासनावर विसंबू नकोस. याबाबतीत मी चुकले आहे. एका मालिकेच्या चौथ्या भागावर काम करताना, शत्रूला हरवण्याऐवजी त्याच्या भीतीचे कारण शोधून त्याला वाट दाखवायची, अशी एक संपूर्ण लेव्हल मी रचली होती. खेळून पाहणारे तिच्यात रमत होते. तारीख जवळ आली आणि 'आपल्या खेळाडूंना हे ओळखीचे वाटणार नाही' असे सांगून ती काढली गेली. तिचे दुःख ओसरले; पण नंतर तीच कल्पना घेऊन स्वतंत्र गेम करायला बसले, तेव्हा ती माझी राहिलेली नाही हे मला करारातल्या एका वाक्याने सांगितले. त्या वाक्याखाली माझीच सही होती.

आणखी एक सांगायचे आहे, ते तुझ्या गेमच्या सध्याच्या स्थितीबद्दल. मागच्या वेळी पाठवलेल्या नमुन्यात तू गुहेच्या भिंती फार सुंदर रंगवल्या आहेस, आणि मला शंका आहे की मधल्या पुलाजवळ खेळ मंदावतो हे तुलाही कळले आहे, म्हणूनच तू तिथे सर्वांत जास्त रंग ओतलास. नव्या नोकरीत रुजू होण्यापूर्वी तुझ्या हाती जे काही आठवडे आहेत, त्यांत सगळी चित्रे बाजूला ठेव, पूल साध्या राखाडी ठोकळ्यांचा कर आणि पलीकडे ऐकणारा कुणी तरी उभा कर. तेवढाच तुकडा मला पाठव. मी तो दिवे मालवून, कानाला हेडफोन लावून खेळेन आणि नेमकी कुठे श्वास रोखला ते तुला वेळेसकट कळवीन.

तुझी शुभचिंतक