सरकारी आकडेवारीतून लोकांचं रोजचं जगणं खरंच कळतं का?

तुम्ही विचारलंय की जनगणनेचे आणि वेगवेगळ्या पाहण्यांचे आकडे स्पर्धा परीक्षेसाठी पाठ करताय, पण त्यातून माणसं कशी जगतात, समाज कसा बदलतो हे खरंच कळतं का, आणि कळत असेल तर वाचायला सुरुवात कुठून करायची.

मी सोलापुरात प्राथमिक शिक्षक आहे. 2001 आणि 2011 अशा दोन जनगणनांना प्रगणक म्हणून घरोघर हिंडलोय. त्यामुळे आकडा जिथे जन्मतो त्या दारापासून सांगतो. कळतं, पुष्कळ कळतं. फक्त प्रश्न काय विचारला होता आणि उत्तर कुणी दिलं, हे आधी बघायचं.

2011 च्या फेब्रुवारीत माझ्याकडे पूर्व भागातली, कन्ना चौकाच्या पलीकडची एक गल्ली होती. बहुतेक तेलुगू बोलणारी घरं, विणकामासाठी दोन-तीन पिढ्यांपूर्वी तेलंगणातून आलेली. एका दारात घरधनी उभे राहिले. नावं, वयं, शिक्षण लिहून झालं. "मंडळी काय काम करतात?" म्हणून विचारलं, तर म्हणाले, "ती काय, घरीच असते." त्या त्यांच्या मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. बोलणं चालू होतं तेवढ्यातही हात थांबले नव्हते.

मी त्यांनाच विचारलं, "ताई, दिवसाला किती विड्या होतात?"

"आठशे. पोरं आजारी नसली तर हजार."

"आणि वर्षातले किती महिने?"

"बाराही."

वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं तर 'मुख्य काम करणारी', त्याहून कमी तर 'सीमांतिक', अशी जनगणनेची व्याख्या. घरी बसून विड्या वळणं घरगुती उद्योगात धरायचं, हे प्रशिक्षणात सांगितलेलं होतं. मी तसं लिहिलं. पण एक दुसरा प्रश्न विचारला नसता, तर तीच बाई कागदावर 'काम न करणारी' म्हणून गेली असती. विडीच्या पैशावर ज्या शहरातली हजारो घरं उभी आहेत, तिथे ही लहान चूक नव्हे. 2001 ला मी नवीन होतो, दारात जो बोलेल त्याचं लिहून पुढे जायचो. त्या वेळी माझ्या हातून अशा किती बायका सुटल्या असतील, हे आजही मनाला लागतं.

आता हे डोक्यात ठेवून श्रमबलाच्या पाहणीकडे बघा. 15 वर्षं किंवा त्यावरच्या स्त्रियांपैकी श्रमबलात, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या, 2017-18 ला देशात 23.3 टक्के होत्या, 2023-24 ला 41.7 टक्के झाल्या. परीक्षेत एवढं लिहून गुण मिळतील. पण सहा वर्षांत एवढ्या बायका नोकरीला लागल्या का? वाढ मुख्यतः खेड्यात आहे, आणि त्यात स्वयंरोजगार आणि घरच्या धंद्यात बिनपगारी मदत याचा भाग मोठा आहे. आपल्याकडे चादरी-टॉवेलच्या मागावर नवरा बसतो आणि बायको कांड्या भरते. पाहणीत तिच्यासाठी दोन खाने असतात, 'घरच्या उद्योगात मदतनीस' किंवा 'फक्त घरकाम'. ती कुठल्या खान्यात पडेल हे बऱ्याचदा विचारणाऱ्यावर ठरतं. माझं मत असं की या वाढीत हातातोंडाची गाठ घालायला कामाला लागलेल्या बायका आहेत, आणि आधीपासून राबणाऱ्या पण आता कुठे मोजल्या गेलेल्याही आहेत. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या, पण त्या एकच नव्हेत.

म्हणून मला वेळेच्या वापराची पाहणी फार मोलाची वाटते. पहिली देशव्यापी 2019 ला झाली, दुसरी 2024 ला. त्यात 'काय काम करता' यावर थांबत नाहीत. आदल्या दिवशी पहाटे चारपासून पुढचे चोवीस तास, अर्ध्या-अर्ध्या तासाने काय केलं ते विचारतात. 'काय करता' म्हटलं की बाई 'काही नाही' म्हणते. 'काल पहाटे पाचला काय करत होता' म्हटलं की सांगते, पाणी सुटलं होतं, भरत होते. आपल्या शहरात कित्येक वर्षं पाणी काही दिवसांआडच येत आलंय, त्यामुळे ते उत्तर मला ऐकू येतं. 2019 ला घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ जात होता आणि पुरुषांचा 97 मिनिटं. 97 हे सगळ्या पुरुषांचं नव्हे, जे घरकामाला हात लावतात त्यांचंच, आणि तसे शंभरात 26 होते. 2024 ला बायकांची मिनिटं 289 झाली, पुरुषांची 88. बायकांची दहा मिनिटं सुटली, पुरुषांनीही नऊ सोडली.

एवढं ऐकून आकडे म्हणजे दारातल्या उत्तरांचा अंदाजपंचे ढीग आहे, असं समजू नका. दारात जे कुणीच सांगत नाही ते बेरजेत उघडं पडतं. 'आम्ही मुलगी नको म्हणून तपासणी केली' असं मला एकाही घरात कुणी सांगितलं नाही. पण महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 1991 ला 946 मुली होत्या, 2001 ला 913, 2011 ला 894. गर्भलिंग तपासणी रोखणारा कायदा होता, आणि देशात सगळ्यात आधी, 1988 ला, आपल्याच राज्याने केलेला. तरी बेरीज खाली गेली. तसंच जुन्या काळाचं. 1872 ला सोलापूर जिल्ह्यात सात लाखांवर माणसं होती, 1881 ला सहा लाखांच्या आत. मधे 1876 ते 78 चा दुष्काळ. कोण मेलं, कोण गाव सोडून गेलं, याची आठवण आता कुठल्या घरात उरलेली नाही, पण ती बेरीज आहे.

बालविवाहाचंही तेच. घरात सोळा वर्षांची सून असली तर वय अठराच सांगतात, ते मी अनुभवलंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 20 ते 24 वयाच्या बायकांना विचारतात, तुमचं लग्न झालं तेव्हा तुम्ही किती वर्षांच्या होतात? आता ती सज्ञान असते, विचारणारीही बाई असते, लपवण्याचं कारण उरत नाही. 2019-21 च्या फेरीत राज्यातल्या अशा जवळजवळ 22 टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. आपल्या जिल्ह्यात सुमारे 40 टक्के. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा चौथीतल्या मुलींचा वर्ग डोळ्यांपुढे आला आणि बराच वेळ पुढचं वाचवलं नाही. चौथीत पट भरलेला असतो. पुढे दहावीनंतर कॉलेज तालुक्याला, एसटी संध्याकाळची एकच, आणि घरात पोरीची काळजी. माझ्या बघण्यातल्या मुली तिथेच थांबल्या.

वयावरून आठवलं. म्हाताऱ्या माणसांचं वय पन्नास, साठ, पासष्ट असंच येतं. म्हणून वयाच्या तक्त्यात शून्य आणि पाचवर संपणाऱ्या वयांवर माणसांची गर्दी दिसते. आम्ही मग काळाच्या खुणा विचारायचो. "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेला होतात का?" "किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा धाकटा केवढा होता?" भूकंप 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा, विसर्जनाच्या रात्रीनंतरचा. सोलापुरात ती पहाट विसरलेलं माणूस मला भेटलेलं नाही, त्यामुळे मुलांची वयं अचूक निघायची. तक्त्यातली ती शून्य-पाचची गर्दी पुढच्या पिढ्यांत विरळ होत जाते, कारण जन्मदाखले आले, शाळेचे दाखले आले. बदल असाही दिसतो.

आणखी एक गोष्ट, जिची मी वाट बघतोय. येत्या जनगणनेच्या घरयादीत, म्हणजे माणसं मोजण्याआधीच्या घरांच्या नोंदीत, घरात मुख्यतः कोणतं धान्य खातात हा प्रश्न आहे. सोलापूर म्हणजे ज्वारी, मंगळवेढ्याची ज्वारी, कडक भाकरी. पण माझ्या वर्गातली निम्मी मुलं डब्यात चपाती आणतात आणि काही जण पुड्यातलं फरसाण. 2022-23 च्या खर्चाच्या पाहणीत देशातल्या खेड्यांत तृणधान्यावरचा खर्च एकूण खर्चाच्या जेमतेम 5 टक्के होता, आणि पेयं, बाहेरचं खाणं, तयार पदार्थ यांवरचा साडेनऊ टक्क्यांच्या वर. आपल्या जिल्ह्यात भाकरी किती घरांत उरलीय, ते या उत्तरातून दिसेल.

सुरुवात कुठून, तर जिल्हा जनगणना पुस्तिकेपासून. 2011 ची पुस्तिका फुकट उतरवून घेता येते, गावनिहाय माहिती आहे. आधी आपल्याच गावाचं पान काढा. घरं, पाणी, शाळा, काम करणारे पुरुष, काम करणाऱ्या बायका. ते पान आईला किंवा आजीला मोठ्याने वाचून दाखवा. ज्या आकड्यापाशी ती "असं कसं?" म्हणेल, त्याची व्याख्या शोधून काढा आणि तिला पुन्हा विचारा.