लेकाला ज्वालामुखी, नवऱ्याला समुद्र : मॉरिशस की रियुनियन?

प्रश्न : नमस्कार ताई, मे महिन्यात आठ-नऊ दिवसांची ट्रिप करायचीये आणि घरात सरळ दोन पार्ट्या पडल्यात. नवरा म्हणतो मॉरिशसला जाऊ, निवांत समुद्रात डुंबू. मुलगा अकरा वर्षांचा, ज्वालामुखीचं वेड, त्याने रियुनियनचे व्हिडिओ बघितलेत आणि आता तेच धरून बसलाय. सोबत सासूबाई, वय ६८, गुडघे दुखतात पण हौस दांडगी. दोन्ही बेटं ज्वालामुखीचीच ना, मग फरक काय? आणि दोन्ही एकाच ट्रिपमध्ये होतील का?

उत्तर : हिंदी महासागरातली ही दोन्ही शेजारची बेटं ज्वालामुखीचीच, आणि सख्खी भावंडंच म्हणा ना. खाली पृथ्वीच्या पोटात हॉटस्पॉट (खालून तप्त खडक वर येत राहतो ती जागा) एकच, वरची भूकवचाची प्लेट सरकत गेली, तसं आधी मॉरिशस झालं साधारण ८० लाख वर्षांपूर्वी आणि रियुनियन बरंच नंतर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा काळा दगड ओतला तोही याच हॉटस्पॉटने असं भूगर्भशास्त्रज्ञ मानतात, तेव्हा सह्याद्री आणि तिकडचा लाव्हा एकाच चुलीवरचा, हे मुलाला नक्की सांगा, खूश होईल.

पण थोरलं भावंड आता थंड झालंय. मॉरिशसमध्ये क्यूरपीप गावात त्रू ओ सेर्फ नावाचं ज्वालामुखीचं तोंड आहे, पण आतमध्ये झाडी वाढलीये, शामारेलची रंगीत माती बघायला छान आहे, आणि बस, ज्वालामुखीच्या नावाने एवढंच. तुमचा मुलगा अर्ध्या तासात "आता पुढे काय" विचारेल. समुद्र मात्र तिथलाच, जवळजवळ सगळ्या बेटाभोवती प्रवाळाचा बांध आहे त्यामुळे आत पाणी शांत.

रियुनियनचा पितों द ला फुर्नेज २,६३२ मीटरचा आणि जगातल्या सगळ्यात जागत्या ज्वालामुखींपैकी एक. २००७ मध्ये त्याच्या माथ्यावरचं अख्खं विवर साधारण ३०० मीटर खाली बसलं. १९७७ मध्ये लाव्हा पार सेंत-रोझजवळच्या वस्तीत उतरला आणि चर्चच्या दारापर्यंत येऊन दोन्ही बाजूंनी निघून गेला, ते चर्च अजून उभं आहे. पण एक गोष्ट मुलाला आधीच समजावून न्या की उद्रेक आपल्या सुट्टीची तारीख बघून होत नाही, आणि झालाच तर ज्वालामुखीजवळची पायवाट लगेच बंद करतात, मग लांबूनच बघायचा. लाल लाव्हा दिसेलच या आशेवर तिकीट काढाल तर रडारड होईल.

सासूबाईंची काळजी मला उलट रियुनियनमध्ये कमी वाटते. पा द बेलकोंब या कड्यापर्यंत गाडी जाते, वाटेत ला प्लेन दे साब्ल लागतं, लालसर काळं नुसतं ओसाड मैदान, वाटतं मंगळावर आलो, आणि कड्यावरून समोर ज्वालामुखी. त्यांनी तिथे बसून बघावं, तुम्ही दोघांपैकी एकाने मुलाला घेऊन खाली लालसर फोर्मिका लेओ टेकाडापर्यंत जाऊन यावं, पायऱ्या खूप आहेत पण होतं. विवराच्या काठापर्यंतची चाल पाच-सहा तासांची आहे, ती अकरा वर्षांच्या पोराला जमेल पण मी पहिल्याच दिवशी नाही करणार. मायदो या दुसऱ्या कड्यावरही गाडीनेच जाता येतं, खाली माफातची दरी, जिथे रस्ताच नाही, लोक पायी नाहीतर हेलिकॉप्टरने जातात. फक्त पहाटे निघा. मी एकदा आळस करून अकराला पोचले तर नुसता ढग, समोर हात धरला तरी दिसेना. आणि उंचावर मे महिन्यातसुद्धा थंडी असते, जॅकेट न्या.

नवऱ्याचं म्हणाल तर तिथेही पश्चिमेला लेर्मिताजचा लगून (प्रवाळाच्या बांधाआतलं शांत, उथळ पाणी) आहे, छोटा पण छान. त्याच्या बाहेर कुठेही पाण्यात उतरू नका हं, शार्कचे हल्ले झालेत, म्हणून लगून आणि जाळी लावलेल्या जागा सोडून पोहायला बंदी आहे.

एकच निवडायचं तर मी रियुनियन म्हणेन, कारण समुद्र काय पुढेही कुठेतरी मिळेल, ज्वालामुखीचं वेड मात्र या वयातच असतं. दोन्ही करायचं तर विमानाने साधारण पाऊण तासाचं अंतर आहे, होईल, पण आधी पाच रात्री रियुनियन आणि शेवटी तीन मॉरिशस, उलटं नको, कारण ढग आले तर कड्यावर दुसऱ्या दिवशी परत जायला हाताशी दिवस हवा. मेमध्ये वादळांचा सीझन जवळजवळ संपलेला असतो, तेही बरं.

व्हिसाचं आधी बघा. रियुनियन फ्रान्सचं असलं, युरो चालत असला तरी शेंगेनमध्ये (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा चालतो तो गट) येत नाही, त्यामुळे शेंगेन व्हिसा असला तरी तो तिथे चालतोच असं धरून बुकिंग करू नका. आणि गाडी भाड्याने घेणार असाल तर रियुनियनला उजवीकडून चालवायची, मॉरिशसला आपल्यासारखी डावीकडून, घाटातली वळणं बघून ठरवा स्टिअरिंग कोण धरणार ते.