प्रश्न तुमचे : पुरातत्त्व मंडळाची मूल्ये आणि दहा वर्षांचा पल्ला

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यात आमचे पुरातत्त्व अभ्यास मंडळ आहे. सभासद साठेक, नियमित येणारे आठ-दहा. कातळशिल्पे (जांभ्या कातळावर कोरलेल्या आकृत्या), वीरगळ (वीरांच्या स्मरणार्थ उभारलेल्या शिळा), जुन्या विहिरी यांच्या नोंदी आम्ही करतो. घटनेत उद्देश म्हणून 'प्राचीन वारशाचे जतन व संवर्धन' एवढी एकच ओळ आहे. आता मूल्ये आणि दहा वर्षांची उद्दिष्टे लिहून काढायची आहेत. सुरुवात कुठून करावी?
– मंडळाचे सचिव

उत्तर : 'आपली मूल्ये कोणती?' हा प्रश्न सभेत टाकू नका. प्रामाणिकपणा, निष्ठा, वारशाबद्दल आदर असे शब्द फळ्यावर येतील आणि सगळे माना डोलावतील. पुढच्याच महिन्यात एखादा देणगीदार 'आमच्या घराण्याचा शिलालेख छापा, वाचन मात्र मी सांगतो तेच' म्हणाला, की त्यातला एकही शब्द कामाला येणार नाही.

त्याऐवजी इतिवृत्ताची वही काढा. मागच्या पाच वर्षांत कुठे आवाज चढले, कोणता विषय तीन-तीन सभा पुढे ढकलला गेला, ते शोधा. आठ-दहा प्रसंग निघतील. शेतकऱ्याने नाणी आणून दिली, ती कोणाकडे ठेवायची? चिरेखाणीच्या मालकाने शिबिराच्या जेवणाचा खर्च उचलला, तो घ्यायचा का? विद्यार्थिनीने काढलेले रेखाटन ज्येष्ठ सभासदाच्या लेखात तिच्या नावाशिवाय छापले गेले, आता काय? एकेक प्रसंग नावे वगळून चार ओळींत कार्डावर लिहा. चर्चा सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपला निर्णय कागदावर लिहून द्यायचा. ही पायरी गाळलीत तर सर्वांत जुने सभासद बोलतील आणि बाकीचे 'बरोबर आहे' म्हणतील. ज्या कार्डावर उत्तरे फुटतात, तिथे तुम्हाला मूल्य लिहायची गरज आहे. जिथे सगळ्यांचे एकमत आहे, तिथे एक ओळ पुरते.

मसुदा पाच जणांनी करावा. त्यात निदान एक जण पंचविशीच्या आतला आणि एक जण ज्या गावांत तुम्ही काम करता तिथला असावा. वाक्य असे हवे की त्यावरून 'हो' किंवा 'नाही' सांगता येईल. 'व्यापारीकरणाला विरोध' हे वाक्य निरुपयोगी आहे. 'मंडळाचा कोणीही सभासद कोणत्याही वस्तूची किंमत सांगणार नाही आणि ती अस्सल असल्याचा दाखला देणार नाही' हे उपयोगी आहे. गावात एकदा किंमत बोलली गेली की आसपासची जमीन उकरली जाते, हे त्यामागचे कारणही तिथेच लिहा. कारण लिहिलेले नसेल तर पाच वर्षांनी आलेल्या सभासदाला तो नियम जाच वाटतो. अशी सहा-सात वाक्ये झाली की थांबा. मग तीच कार्डे पुन्हा घ्या आणि मसुद्यावरून प्रत्येकाचा निकाल लागतो का ते तपासा. या सगळ्याला तीन महिने धरा.

नमुना हवा असेल तर अमेरिकेतल्या 'सोसायटी फॉर अमेरिकन आर्किऑलॉजी'कडे बघा. संस्था १९३४ची, पण तिची आचारतत्त्वे १९९६ साली ठरली. ती आठ होती. अवशेषांचे विश्वस्त म्हणून वागणे, लोकांना उत्तरदायी असणे, पुराव्यांचा बाजार न करणे, संशोधन प्रसिद्ध करणे, नोंदी जपणे अशा स्वरूपाची. शिकण्याच्या आणि कामाच्या जागी सुरक्षितता हे नववे तत्त्व २०१६ साली जोडले गेले. तुम्ही वीस वर्षे थांबू नका. सड्यावरची (कातळाच्या उघड्या पठारावरची) शिबिरे, मुक्काम, मुली-मुलांचे एकत्र काम या सगळ्याचे नियम आणि तक्रार कोणाकडे करायची ते पहिल्याच मसुद्यात घाला. बाकीची तत्त्वे जशीच्या तशी भाषांतरित करू नका. तिथले प्रश्न तिथल्या जमिनीचे आणि कायद्याचे आहेत.

तुमच्या कामात एक मूल्य रोज कसोटीला लागेल, म्हणून त्यावर थोडे सविस्तर. कातळशिल्प उठून दिसावे म्हणून खोदरेषेत खडू किंवा चुना भरणे, पाणी ओतणे, रंगाने कडा गिरवणे हे प्रकार सर्रास चालतात. जांभा सच्छिद्र दगड आहे. खडूची पूड छिद्रांत बसते आणि ब्रशने पुरती निघत नाही. मोठे नुकसान वेगळेच असते. खडू भरणारा त्याला जी रेषा 'दिसते' तीच भरतो. अस्पष्ट शेपटी सुटते, नैसर्गिक भेग पाय बनते, आणि पुढचा प्रत्येक फोटो मूळ शिल्पाऐवजी त्या माणसाच्या समजुतीचा होतो. सूर्य उगवल्यानंतरचा किंवा मावळण्याआधीचा तास गाठा. तिरप्या उजेडात उथळ रेषासुद्धा सावली धरते. दुपार झाली असेल तर एकाने मोठी चादर धरून सावली करावी आणि दुसऱ्याने विजेरी जमिनीलगत आडवी धरावी. माती-पालापाचोळा मऊ ब्रशने बाजूला करा, तारेचा ब्रश सोबत नेऊच नका. त्रिमिती प्रतिमा करायची असेल तर लागोपाठचे फोटो एकमेकांवर निदान ६० ते ८० टक्के चढतील इतक्या जवळून घ्या. मूल्याचे वाक्य एवढेच : 'शिल्पावर काहीही लावणार नाही, ओतणार नाही, गिरवणार नाही.'

आता उद्दिष्टे. 'दहा वर्षांत जिल्ह्याचे संपूर्ण सर्वेक्षण' असे लिहिण्याआधी गणित मांडा. पावसात आणि त्यानंतर काही काळ सड्यावर गवत असते. ते वाळून, कापून मोकळे झाल्यावर, साधारण डिसेंबर ते मे, तुम्हाला पंचवीस-सव्वीस रविवार मिळतात. शिमगा, लग्नसराई आणि परीक्षा वजा जाता बारा धरा. आठ माणसे म्हणजे चौघांची दोन पथके. तीन-चार मीटरची आकृती साफ करणे, एक मीटरच्या दोरीच्या चौकटी आखून रेखाटणे, मोजपट्टी आणि उत्तरदिशा दाखवून फोटो घेणे, नोंदपत्रक भरणे, यात अर्धा दिवस जातो. म्हणजे वर्षाला फार तर ४८ आकृत्या. एखादा रविवार वाया जातो, वाट चुकते, मालक भेटत नाही. प्रत्यक्षात तीसच होतील. एका गावात सात-आठ आकृत्या धरल्या तर त्यातून वर्षाला चार गावे आणि दहा वर्षांत चाळीस, एवढे उद्दिष्ट निघते. ते लहान वाटेल, पण त्याचा पाठपुरावा होऊ शकतो.

यातला सर्वांत दुर्लक्षित भाग टेबलावरच्या कामाचा. मैदानातल्या एका दिवसामागे घरचे दोन दिवस धरावेच लागतात. ते धरले नाहीत तर फोटो हार्डडिस्कमध्ये पडून राहतात, आणि तीन वर्षांनी कोणता फोटो कुठल्या सड्यावरचा हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून आमचा आग्रह आहे की दहा वर्षांच्या उद्दिष्टांत पहिले वाक्य हे असावे : मे महिन्यात संपलेल्या हंगामाचा अहवाल दिवाळीपर्यंत निघेल, आणि तो निघाल्याशिवाय नवे गाव हाती घेतले जाणार नाही. डेक्कन कॉलेजचे पुणे जिल्ह्यातल्या इनामगाव या ताम्रपाषाणयुगीन गावाचे उत्खनन १९६८ ते १९८३ असे चालले आणि सविस्तर अहवाल १९८८ साली आला. आज ते गाव अभ्यासकांच्या हाताशी आहे ते त्या अहवालामुळे. अहवाल लिहायचा राहिला तर एवढ्या वर्षांच्या कामातून फक्त खड्डे आणि पेट्या उरतात.

---

प्रश्न : प्रवराकाठच्या आमच्या गावात पांढरीच्या टेकाडावर (जुन्या वस्तीच्या मातीच्या उंचवट्यावर) मिळालेली खापरे, मणी आणि काही नाणी मंडळाच्या कपाटात आहेत. 'स्वतःचे संग्रहालय' हे आमचे दीर्घकालीन उद्दिष्ट आहे. योग्य आहे का?
– एक सभासद, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : नाही, निदान पहिल्या दहा वर्षांत नाही. तुमच्याच नदीकाठी दायमाबादला १९७४ साली एका शेतकऱ्याला कांस्याच्या चार वस्तू मिळाल्या : रथ, हत्ती, गेंडा, रेडा. एकूण वजन ६० किलोंहून अधिक. इतका अपूर्व ठेवा, पण तो शास्त्रीय उत्खननात जमिनीच्या थरासह मिळालेला नसल्याने त्याच्या काळाबद्दल अभ्यासकांचे मतभेद राहिले. इथे ही अडचण, तर कपाटातल्या खापराची काय कथा! संग्रहालय उद्दिष्ट म्हणून लिहिले की सभासद वस्तू उचलायला लागतात, आणि उचललेली वस्तू आपली जागा गमावते. उद्दिष्ट 'नोंद' असू द्या. टेकाडावर खापर दिसले तर जागच्या जागी फोटो काढा, स्थान लिहा, खापर तिथेच सोडा. कुदळ हाती घ्यायची नाही. परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही.

आहे त्या वस्तूंचे दोन गट करा : सापडल्याची जागा माहीत असलेल्या आणि नसलेल्या. दोन्ही कधीही मिसळू देऊ नका. प्रत्येक पिशवीला हवा जायला भोके, आत एक चिठ्ठी, बाहेर एक, दोन्ही पेन्सिलीने लिहिलेल्या. शाई दमटपणात पसरते. खापरावर क्रमांक घालायचा तर आतल्या बाजूला, रंगहीन अॅक्रिलिक लॅकरचा पातळ थर देऊन त्यावर. नेलपॉलिश नको, ते पिवळे पडते आणि पापुद्रा होऊन क्रमांकासकट निघते. जमिनीतून निघालेल्या नाण्यांसाठी १८७८चा निखात निधीचा (जमिनीत पुरलेल्या धनाचा) कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. पूर्ण यादी करून राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या विभागीय कार्यालयाशी बोला. सगळे एकाच वेळी, स्वतःहून.

---

प्रश्न : नव्याने सापडलेल्या शिल्पाचे ठिकाण जाहीर करावे की लपवावे? आमच्यात उभे दोन तट पडले आहेत.
– वाचक, राजापूर

उत्तर : दोन्ही बाजूंकडे खरी कारणे आहेत. जाहीर केले की गर्दी, बूट, खडू आणि नावे कोरणारे हात येतात. लपवले तर खाणीला किंवा रस्त्याला परवानगी देताना तिथे काही आहे हे कोणाला ठाऊकच नसते. आमचे मत असे : अचूक अक्षांश-रेखांश आणि गट क्रमांक राज्य पुरातत्त्व संचालनालयाला आणि ग्रामपंचायतीला लगेच, लेखी, पोच घेऊन द्या. लोकांना फक्त गावाचे नाव सांगा, तेही जमीनमालकाची संमती घेऊन. कोकणात एका सातबाऱ्यावर वीस-वीस नावे असतात. कसणाऱ्याशी आधी बोला, मग जितक्यांपर्यंत पोहोचता येईल तितक्यांशी. ज्याने जागा पहिल्यांदा दाखवली त्याचे नाव, त्याची हरकत नसेल तर, नोंदीत सर्वांत वर.

फोनच्या फोटोत ठिकाण दडलेले असते, हे सभासदांना दाखवून द्या. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तर ती माहिती निघून जाते, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तशीच राहते. आणखी एक गैरसमज : कोकणातल्या कातळशिल्पांची नऊ ठिकाणे (कशेळी, बारसू, देवीहसोळ, उक्षी, गोव्यातले पणसायमळ इत्यादी) २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्या यादीत नाव आल्याने आपोआप कायदेशीर संरक्षण मिळत नाही. ते केंद्र किंवा राज्याने संरक्षित म्हणून घोषित केल्यावरच मिळते.

---

प्रश्न : मूल्ये आणि उद्दिष्टे घटनेतच घालावीत का? त्यासाठी काय करावे लागते?
– खजिनदार, कोल्हापूर

उत्तर : घटनेत घालू नका. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार उद्देश बदलायचा तर प्रस्ताव लेखी देऊन दहा दिवसांच्या सूचनेने विशेष सभा, तीत तीन पंचमांश मते, आणि एका महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत पुन्हा तितक्याच मतांनी कायम करणे, असा क्रम आहे. महाराष्ट्रात संस्था सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेली असते, त्यामुळे धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. आयकर सवलतीची नोंदणी असेल तर तीही उद्देशाशी बांधलेली असते, म्हणून सनदी लेखापालांना आधी विचारा. दर पाच वर्षांनी हे सोपस्कार कोणीही करणार नाही, आणि मग मूल्ये जुनी होऊन पडतील.

घटनेत उद्देशाची एक स्पष्ट ओळ पुरे : 'पुरातत्त्वीय स्थळांची नोंद, अभ्यास आणि त्यांचे प्रकाशन.' मूल्ये आणि दहा वर्षांची उद्दिष्टे वार्षिक सर्वसाधारण सभेच्या स्वतंत्र ठरावाने मंजूर करा. त्याच ठरावात हितसंबंधांचा नियम हवा : कार्यकारिणीतील कोणाचा खाण, बांधकाम किंवा जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीशी संबंध असेल तर त्यांनी तो लेखी कळवावा, आणि तो विषय निघाला की सभेतून उठून बाहेर थांबावे. इतिवृत्तात ते बाहेर गेल्याची आणि परत आल्याची वेळ लिहा. मूल्यांचा कागद सभासदत्वाच्या अर्जामागेच छापा, म्हणजे अर्जावरची सही त्यालाही लागू होईल.